नादारीचा कागद

व्यापाऱ्याचें दिवाळें निघालें म्हणजे त्यानें भरदिवसां दुकानांत दिवा लावावयाचा, अशी रीत जुन्या काळीं होती, आणि ‘दिवाळें’ हा शब्द त्या दिव्यावरूनच आला असें परंपरेनें सांगतात. व्युत्पत्तीचा वाद पंडितांनीं करावा; रीतीचा अर्थ मात्र स्पष्ट आहे. उन्हांत जळणारा दिवा दिसला कीं लोकांनीं समजावें, या पेढीवर आजपासून देवघेव नाहीं. मारवाडी मंडळींत हेंच बैठकीचें टाट उलटें करून कळवीत. ‘टाट उलटणें’ हा वाक्प्रचार तोच. इटलींत सराफाचें बांक मोडीत असत, आणि इंग्रजींतला ‘बँकरप्ट’ हा शब्द त्या मोडक्या बांकाचा वंशज होय.

या साऱ्या रीतींत कागद कोठेंच नाहीं. दिवा एवढेंच सांगतो कीं आतां कांहीं शिल्लक उरली नाहीं. ती कशी गेली, कोणाच्या घरांत गेली, हें दिव्याला विचारून उपयोग नाहीं. तें विचारण्याचें काम पंचांचें. चार महाजन जमत, वह्या उघडून पाहत, रुपयास इतके आणे असें ठरवून मोकळे होत. हा पंचांचा प्रश्न सरकारी न्यायालयापुढें गेला आणि त्याचें उत्तर ठराविक नमुन्यांत लिहून द्यावें लागूं लागलें, त्याची हकीकत वऱ्हाडापुरती तरी पाहण्याजोगी आहे. कारण वऱ्हाड हा उधारीवर चालणारा कापसाचा मुलूख.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत मेहकरहून खामगांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जानेफळ हें बाजाराचें गांव आहे. हा घाटमाथ्यावरचा मुलूख. घाट उतरून गेलें म्हणजे खामगांवची मोठी पेठ. अशा गांवच्या दुकानदाराचें भांडवल दुकानांत फारसें नसतें, तें वहींत असतें. कुणबी मृगापासून कापड, मीठ, तेल, गूळ, बी-बियाणें उधार नेतो तो कापूस वेंचून होईतों पैसा दाखवीत नाहीं. दुकानदार तोच माल खामगांवच्या अडत्याकडून उधार आणतो. अडत्या मुंबईच्या पेढीवर हुंडी करतो. पाऊस एका गांवांत चुकतो आणि भाव लिव्हरपूलच्या बाजारांत पडतो. परंतु ओढ साऱ्या साखळीला बसते. तींत सर्वांत नाजूक कडी मधली. कुणब्याजवळ निदान जमीन असते आणि मुंबईच्या पेढीजवळ पत असते. गांवच्या दुकानदाराजवळ दोन्ही बेताचींच.

ही साखळी फार जुनी नाहीं. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनीं १८२५-२६ सालीं वऱ्हाडांतून मुंबईस प्रथम घाऊक कापूस पाठविला, तोहि बैलांच्या पाठीवर लादून. पुढें १८३६ सालीं त्यांनींच खामगांवीं कापूस दाबण्याचे स्क्रू बसविले. या बंधूंनीं निजाम सरकारला मोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या होत्या आणि त्यापोटीं वऱ्हाडांतल्या परगण्यांचा वसूल त्यांजकडे लावून दिला होता. १८४५ सालीं तो काढून घेण्यांत आला आणि मोठी पेढी अडचणींत आली. कर्जदार राजा असला म्हणजे धनकोनें कोणत्या न्यायालयांत जावें? त्यांच्या मागणीचे कागद लंडनपर्यंत गेले. खामगांवची बाजारपेठ मात्र वाढतच राहिली, आणि १८७० सालीं जलंबहून खामगांवापर्यंत आगगाडीची शाखा आली तेव्हां ती उघडण्यास खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते.

या दोन सालांच्या मध्यें मुंबईचें १८६५ सालचें महादिवाळें येऊन गेलें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें विलायतेस तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता. १८६१ पासून चार वर्षें हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशावर मुंबईंत बँका व कंपन्या पावसाळ्यांतल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. १८६५ च्या वसंतांत युद्ध संपल्याची वार्ता आली. वायद्याच्या सौद्यांचा निकाल करण्याचा दिवस १ जुलै ठरलेला होता. तो उजाडण्यापूर्वींच पेढ्या कोसळूं लागल्या. सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद बुडाले, आणि त्यांच्या पाठोपाठ जुनी बँक ऑफ बॉम्बेहि बुडाली. तिच्या चौकशीसाठीं १८६८ सालीं कमिशन बसलें, आणि जवळजवळ दोन कोटींचें भांडवल गमावल्याचें उघडकीस आलें. दिवाळीं इतकीं निघालीं कीं नेहमींच्या न्यायालयानें तीं उरकलीं नसतीं; म्हणून १८६५ सालींच २८ वा कायदा करून धनकोंच्या संमतीनें विश्वस्तांमार्फत मालमत्तेचा निकाल लावण्याची सोय करण्यांत आली.

त्याच लाटेंत नसरवानजी टाटा यांची पेढीहि सांपडली. त्यांचे चिरंजीव जमशेटजी तेव्हां लंडनमध्यें होते, वय अवघें सव्वीस. त्यांनीं धनकोंना भेटून पेढीची खरी स्थिति जशीच्या तशी पुढें मांडली. त्या सचोटीवर खूष होऊन धनकोंनीं त्यांनाच महिना वीस पौंडांवर निकालाचें काम सोंपविलें, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. हकीकत प्रसिद्ध आहे. परंतु तिच्यांतला एक भाग सहसा कोणी सांगत नाहीं. स्थिति जशीच्या तशी मांडावयाची तर ती आधीं स्वतःस ठाऊक असली पाहिजे, आणि ती ठाऊक होण्यास वह्या नीट असाव्या लागतात.

मुंबईच्या व्यापाऱ्याला कायद्याचा आसरा तरी होता. कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांकरितां १८२८ सालापासून नादारीचीं न्यायालयें होतीं आणि १८४८ सालीं त्यांचा कायदा सुधारण्यांत आला होता. मुलखांतल्या ऋणकोला मात्र तुरुंग. १८५९ च्या दिवाणी कायद्याप्रमाणें हुकूमनाम्याचा पैसा न देणारास दोन वर्षेंपर्यंत अटकेंत ठेवतां येई. कैद्याच्या अन्नाचा भत्ता धनकोनें भरावयाचा. भत्ता चुकला कीं कैदी सुटला. याची विलायतेसहि नवलाई नव्हती. डिकन्स या कादंबरीकाराचे वडील १८२४ सालीं कर्जापायीं लंडनच्या मार्शलसी तुरुंगांत होते, आणि तेथील ही शिक्षा बहुतांशीं बंद झाली ती १८६९ सालीं. मात्र १८५९ च्या त्याच कायद्यांत सुटकेची एक वाट ठेवलेली होती: कैद्यानें आपल्या सर्व मालमत्तेची पूर्ण आणि खरी यादी लिहून द्यावी. नादारीच्या कागदाचा मुलखांतला पहिला अवतार हाच. दिवाळखोर तुरुंगांत बसूनच तो लिही.

१८७७ च्या दिवाणी कायद्यांत या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण मिळालें. १८७५ च्या दंग्यानंतर दक्षिणेंतल्या चार जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठीं १८७९ सालीं वेगळा कायदा झाला. वऱ्हाड या सर्वांपासून जरा बाजूस होतें. १८५३ च्या तहानें तें इंग्रजांच्या हातीं आलें आणि १९०२ सालीं कायमच्या भाडेपट्ट्यानें राहिलें, तरी मालकी निजामाची; म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रत्येक कायदा येथें निराळ्या जाहीरनाम्यानें लागू करावा लागे. १९०७ सालीं मुलखाकरितां नादारीचा पहिला स्वतंत्र कायदा झाला, आणि १९२० सालीं त्याच्या जागीं पांचवा कायदा आला. जानेफळच्या दुकानदाराचा संबंध या शेवटच्या कायद्याशीं.

पांचशें रुपयांचें कर्ज असलें, किंवा कर्जापायीं अटक झाली असली, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम असला, तर ऋणकोला आपण होऊन अर्ज करतां येई. अर्जांत काय काय लिहावें तें तेराव्या कलमांत सांगितलें आहे. आपणांस कर्ज फेडतां येत नाहीं हें पहिलें वाक्य. राहण्याचें व धंद्याचें ठिकाण हें दुसरें. येथपर्यंत अर्जनवीस एका दमांत लिहून टाकी. मग येई धनकोंची यादी: प्रत्येकाचें नांव, ठिकाण, रक्कम, आणि देणें कशाबद्दलचें, माहीत असेल तेवढेंच नव्हे, तर वाजवी काळजी घेऊन जें शोधून काढतां येईल तेंहि.

येथें लेखणी अडे. खामगांवच्या अडत्याचें नांव लिहावयास अडचण नाहीं. हुंडी मात्र हातोहात फिरते. आज ती कोणापाशीं आहे तें लिहून देणाऱ्यालाच ठाऊक नसतें. सासऱ्याकडून घेतलेले पैसे कर्ज म्हणून लिहावे कीं मदत म्हणून? न लिहावे तर सासरा बुडतो, लिहावे तर इतर धनको म्हणतात कीं घरचीच माणसें खोटीं उभीं केलीं. आणि सर्वांत अवघड ठेव. गांवोगांवच्या दुकानांत गरीबगुरिबांच्या ठेवी असत, कारण बँक दूर आणि घर असुरक्षित. एखाद्या विधवेनें पाटल्या मोडून शंभर रुपये दुकानदारापाशीं ठेवलेले. कागद नाहीं, सही नाहीं, वहींत एक ओळ. दुकान बुडतें असें दिसूं लागलें म्हणजे बऱ्या माणसाच्या मनांत पहिला विचार येतो तो हा, कीं निदान त्या बाईचे पैसे तरी देऊन टाकूं.

कायदा येथें आडवा येतो. अर्जापूर्वींच्या तीन महिन्यांत एका धनकोला इतरांवर वरचढ करण्याच्या हेतूनें पैसा दिला असेल तर तो व्यवहार रद्द समजावा, असें चोपन्नावें कलम सांगतें. दया ही त्या कलमांत सबब नाहीं. विधवेला दिलेले शंभर आणि मेहुण्याच्या घरीं लपविलेले शंभर यांतला भेद माणसाला दिसतो. कायद्याला दिसतो तो इतकाच कीं सर्वांच्या वांट्याचा पैसा एकाकडे गेला. ही कठोरता अन्यायाची वाटली तरी तिच्या मागें विचार आहे. दिवाळें निघतांना दया कोणावर करावी हें ऋणकोवर सोंपविलें तर ती बहुधा नातलगांवर होते, आणि विधवा शेवटीं तशीच राहते. तिचें नांव यादींत घालणें हीच तिची खरी सोय. मग जो कांहीं आणे-पैचा वांटा निघेल तो तिला आणि खामगांवच्या अडत्याला एकाच हिशेबानें. यादींत नांव नसेल तर तिला नोटीससुद्धां जावयाची नाहीं. शंभर रुपयांचे पंचवीस झाले हें तिला कोणी समजावून सांगावें, याची व्यवस्था मात्र कोणत्याहि कलमांत नाहीं.

धनकोंनंतर मालमत्ता. तिची किंमत लिहावयाची आणि ती कोठें आहे तेंहि लिहावयाचें. दुकानांतला माल मोजतां येतो. घराची किंमत ठरवितां येते, जरी गांवांत गिऱ्हाईक नसलें म्हणजे ती किंमत कागदावरचीच. परंतु दुकानदाराची मोठी मालमत्ता म्हणजे बाहेर पसरलेली उधारी. शेंदोनशें खातीं, कोणाकडे चार रुपये, कोणाकडे चाळीस. तीन वर्षें उलटलेलें खातें मुदतीबाहेर गेलें. तें येणें म्हणून लिहिलें तर कागद फुगतो, गाळलें तर लपविल्याचा संशय. प्रामाणिक माणसानें वसूल होण्याजोगीं आणि बुडीत अशीं दोन सदरें करावींत हें उत्तम, पण तसें करण्यास प्रत्येक कुळाची अवस्था आठवावी लागते, आणि बुडत्या माणसाला इतकी शांतता असतेच असें नाहीं. दोन वर्षांच्या आंत मोबदल्याशिवाय कोणाच्या नांवें कांहीं करून दिलें असेल तर तेंहि रद्द होण्याजोगें. बायकोच्या नांवें घर करून ठेवणारे शहाणे सर्वत्र असतात. कायदा करणाऱ्यांनीं त्यांना ओळखलें होतें. एकत्र कुटुंबांत बापाच्या नादारीनें मुलांचा वांटा कितपत अडकतो हा वाद तर प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९४८ सालीं कायद्यांत त्याविषयीं नवें कलम घालावें लागलें.

सर्वच ओरबाडून न्यावें असा मात्र कायद्याचा हेतु नव्हता. दिवाणी कायद्यानें जें जप्त होत नाहीं तें नादारालाहि राहतें: अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणें स्त्रीच्या अंगावरून काढूं नयेत असे दागिने, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं आउतें, बैल आणि बियाणें. दिवाणी कायद्याच्या त्याच मालिकेंत हिशेबाच्या वह्याहि आहेत. साध्या जप्तींत त्या नेतां येत नाहींत. नादारीच्या कायद्यानें मात्र तेवढ्याच उलट फिरविल्या. घरचा तवा ठेव, मंगळसूत्र ठेव, वह्या आणून दे. ज्या वह्यांवर लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं हळदकुंकू वाहिलें, त्या गाठोड्यांत बांधून न्यायालयांत ठेवावयाच्या, हें जुन्या वळणाच्या दुकानदाराला घर गेल्यापेक्षां अधिक लागत असलें पाहिजे.

त्या वह्यांवरच पुढचें सारें अवलंबून असे. नादार ठरणें ही पहिली पायरी. त्यानंतर अटकेपासून बचाव मागतां येतो आणि मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यांत जाते. कर्जांतून मुक्तता ही निराळी गोष्ट, आणि ती ठरलेल्या मुदतींत पुन्हां अर्ज करून मागावी लागते. मुदतींत अर्ज न केल्यास नादारीचा हुकूमच रद्द होतो, आणि माणूस जेथून निघाला तेथें परत येतो. मुक्तता मागतांना न्यायालय पाहतें कीं मालमत्ता रुपयास आठ आणे भरते काय. न भरल्यास आपला दोष नव्हता हें ऋणकोनें दाखवावें. तसेंच शेवटच्या तीन वर्षांत धंद्याला साजेशा वह्या ठेवल्या होत्या काय, बुडालों हें कळल्यावरहि उधार माल उचलला काय, सट्टा किंवा उधळपट्टी केली काय. यांतली एक गोष्ट शाबीत झाली तरी निर्वेध मुक्तता नाहीं. म्हणजे अर्ज लिहावयास बसण्यापूर्वींच तीन वर्षें, रोज दिवेलागणीला रोजमेळ मिळविला कीं नाहीं येथें, निम्मा निकाल लागून गेलेला असे.

गांवच्या वह्या कशा असत? रोजमेळ आणि खतावणी बहुतेक ठिकाणीं असे. अक्षर मोडी किंवा महाजनी, तें मुनिमाखेरीज दुसऱ्यास लागणें कठीण. कच्च्या टिपणांचे चिटोरे वेगळे, पक्की वही वेगळी. आणि टंचाईच्या सालीं पक्की वही महिनोन्महिने मागें राहावयाची. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें नियमितपणें ठेवलेल्या वहीला पुराव्यांत स्थान दिलें, पण नुसत्या वहीवर कोणावर देणें लादतां येत नाहीं असेंहि सांगून ठेवलें. तेव्हां नादाराची वही त्याच्याविरुद्ध पुरी पडे, आणि त्याच्या येण्याच्या वसुलीला अपुरी ठरे.

नोकराची आठवण कायद्यानें ठेवली होती, पण हात आंखडून. वांटप होतांना सरकारचें व स्थानिक संस्थांचें देणें अगोदर. आणि त्यांच्याच बरोबरीनें गुमास्ता, नोकर किंवा मजूर यांचा शेवटच्या चार महिन्यांतला पगार, एकूण वीस रुपयांच्या आंत. ज्या मुनिमानें त्या वह्या लिहिल्या आणि ज्याच्यावांचून त्या वाचतांहि आल्या नसत्या, त्याला वीस रुपयांपलीकडचा पगार विधवेच्या रांगेंत उभें राहून घ्यावयाचा.

१९२९ नंतर जगभर मंदी आली आणि कापसाचा भाव कोसळला. मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९३३ सालीं कर्जतडजोडीचा कायदा झाला, आणि त्यानें कागदाचें ओझें एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर नेलें. शेतीवर पोट असणाऱ्या ऋणकोनें तडजोड मंडळाकडे अर्ज केला कीं मंडळ धनकोंना नोटीस काढी. ज्यानें मुदतींत आपल्या येण्याचा तपशील लिहून दिला नाहीं त्याचें कर्ज फिटलें असें समजावयाचें. अंगठा उठविणाऱ्या कुणब्यासाठीं हें योग्यच होतें, कारण त्याचा हिशेब सावकाराच्याच वहींत असे. जानेफळसारख्या गांवच्या दुकानदाराची मात्र दोहीं बाजूंनीं कोंडी. कुळांपुढें तो धनको. नोटीस आली कीं चार-चार रुपयांच्या खात्यांचे तपशील त्यानें लिहून पोंचवावे, न पोंचले तर तीं बुडालीं. खामगांवच्या अडत्यापुढें तो ऋणको, पण मुख्य पोट दुकानावर असल्यानें मंडळाचें दार त्याला बंद. त्याला वाट उरली ती १९२० च्या कायद्याचीच. कुणब्याचें कर्ज मंडळांत घटलें म्हणजे दुकानदाराच्या यादींतली मालमत्ता तेवढी घटे, देणें मात्र तितकेंच राही.

पुढें २०१६ सालीं नादारी व दिवाळखोरीची नवी संहिता संमत झाली. कंपन्यांचीं प्रकरणें राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणापुढें गेलीं, मुदती आंखल्या गेल्या, आणि वह्यांच्या गाठोड्यांची जागा संगणकावरच्या नोंदींनीं घेतली. १९२० चा कायदा रद्द करण्याचें कलम त्या संहितेंत आहे. परंतु व्यक्ति आणि भागीदारीच्या पेढ्या यांचा भाग तिच्याबरोबर अंमलांत आला नाहीं, आणि अशा लोकांनीं पूर्वींच्याच कायद्यांखालीं पूर्वींच्याच न्यायालयांकडे जावें असा खुलासा सरकारनें २०१७ सालीं केला. तेव्हां कंपनी न काढतां स्वतःच्या नांवावर दुकान चालविणाऱ्या माणसाला त्या खुलाशाप्रमाणें तेंच तेरावें कलम उघडावें लागे, आणि धनकोंचीं नांवें, ठिकाणें व रकमा त्याच क्रमानें लिहाव्या लागत.